डेव्हिड लेटरमन : लेट शो बंद होतोय, तर मागे नक्की काय उरतं?

मध्यरात्रीचा_चहा
जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीने जाहीर केलं की त्यांचा रात्रीचा टॉक शो, लेट शो, मे २०२६ मध्ये कायमचा बंद. म्हणजे त्याचा सूत्रधार कोल्बेअर जाणार आणि त्याच्या खुर्चीत दुसरं कोणी बसणारच नाही. बातमी वाचली तेव्हा मी ऑफिसात डबा खात होतो आणि खरं सांगतो, आधी आठवण आली ती कोल्बेअरची नाही, डेव्हची, म्हणजे डेव्हिड लेटरमनची. ३० ऑगस्ट १९९३ ला त्याने हा शो सुरू केला, २० मे २०१५ ला उठला, त्याआधी एनबीसी वाहिनीवर १९८२ पासून रात्री साडेबाराचा लेट नाइट हा शो. तेहतीस वर्षं हा माणूस लोकांना झोपायच्या आधी भेटत होता.

मी १९९८ ते २००४ इंडियानातल्या मन्सी गावात होतो, बॉल स्टेट युनिव्हर्सिटीत. लेटरमन तिथलाच. त्याने तिथे एक स्कॉलरशिप ठेवलीय, तिच्यासाठी मार्क बघतच नाहीत, फक्त कल्पना आणि काम बघतात, कारण तो स्वतः मधल्या फळीतला विद्यार्थी. आम्हा देशी पोरांना हे ऐकून पहिल्यांदा खरंच वाटेना. मार्क न बघता पैसे?

पण धागा काढायचं कारण वेगळं आहे. जिकडेतिकडे लेख येताहेत, सगळ्यात तेच, टॉप टेन लिस्ट, म्हणजे दहा विनोदी ओळींची यादी, आणि पाळीव प्राण्यांच्या करामती. मला जे आठवतं ते १७ सप्टेंबर २००१. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर रात्रीच्या शोवाल्यांत सगळ्यात आधी परत आला तो हाच, आणि तेही न्यूयॉर्कमधूनच. आम्ही चौघं रूममेट. त्या आठवड्यात बाहेर पडायची भीती होती, आमच्यातल्या एकाला दुकानाच्या पार्किंगमध्ये कोणीतरी गाडीतून ओरडून शिवी दिलेली. तर त्या रात्री शो लागला, नेहमीची ती थाटाची सुरुवात नाही, बाहेर येऊन मोनोलॉग, म्हणजे सुरुवातीचे उभ्याने केलेले विनोद, नाही, हा टेबलाशी बसलेला आणि अडखळत बोलतोय. आपण हे आत्ता करावं का हेच कळत नाही म्हणाला. मग मोंटानातल्या शोटो नावाच्या छोट्याशा गावाची गोष्ट सांगितली. दुष्काळाने पिचलेलं शेतकऱ्यांचं गाव, आणि त्या लोकांनी शाळेच्या हॉलमध्ये जमून न्यूयॉर्कसाठी पैसे गोळा केले. सांगताना त्याचा आवाज गेला. आमच्यातलं कोणीच बोललं नाही, भात तसाच गार झाला.

माझं म्हणणं असं की त्याचा खरा वारसा हा. वीस वर्षं प्रत्येक गोष्टीची टर उडवलेला माणूस वेळ आली तेव्हा कॅमेऱ्यासमोर सरळ बोलला. तुम्हाला काय वाटतं?

खडीसाखर
छान लिहिलंय. मला लेटरमन म्हटलं की एवढंच माहीत की ऐश्वर्या रायला त्याने विचारलं होतं, तुम्ही अजून आईवडिलांकडे राहता का. आणि तिने ठणकावून सांगितलं की आमच्याकडे आईबाबांबरोबर जेवायला अपॉइंटमेंट घ्यावी लागत नाही. आमच्या घरी तो व्हिडिओ दर दिवाळीला कोणीतरी फॉरवर्ड करतंच.

पेठी_माणूस
चहासाहेब, भावना पोचल्या पण मी असहमत. वारसा म्हणजे पुढच्यांनी काय उचललं ते. पुढच्यांनी त्याचं रडणं उचललेलं नाही, त्याची खोडी उचलली.

१९८२ चा विचार करा. टॉक शो म्हणजे एनबीसीच्या टुनाइट शोचा जॉनी कार्सन. सूट, पडदा, सोफा, पाहुणा येतो, सिनेमाची जाहिरात करतो, जातो. ह्या पठ्ठ्याने पहिल्यांदा दाखवलं की हा सगळा देखावा आहे. कॅमेरा उचलून रस्त्यावर नेला, शेजारच्या दुकानात नेला, माकडाच्या पाठीवर बांधला. १९८४ ला अंगभर वेल्क्रोचा सूट घालून ट्रँपोलिनवरून उडी मारली आणि भिंतीला जाऊन चिकटला. बस, एवढंच. त्यात पंच नाही काही नाही, प्रौढ माणूस पालीसारखा भिंतीला चिकटलाय हाच विनोद. उंचावरून कलिंगडं खाली टाकायची आणि फुटताना बघायची. आज यूट्यूबवर पोरं जे काय करतात त्यातलं निम्मं त्या काळात साडेबारा वाजता करून झालंय.

आणि अजून एक, हे एकट्याचं नव्हे. मेरिल मार्को ही त्याची पहिली हेड रायटर. प्राण्यांच्या करामती तिच्या डोक्यातून आलेल्या. तिचं नाव लेखांत शेवटच्या परिच्छेदात येतं, हे मला फार लागतं. त्या शोची चव तिने ठरवली.

फणसाची_आठळी
आमच्याकडे साडेबाराचा लेट शो म्हणजे बाबांचं घोरणं, बँडसकट.

न्यूजर्सीकर
पेठी, कार्सनला असा एका ओळीत निकालात काढू नका हो. तीस वर्षं, १ ऑक्टोबर १९६२ ते २२ मे १९९२. लेटरमनच्या मनात तो देव होता. आणि माझ्या मते लेटरमन समजायचा असेल तर त्या दोघांमधल्या दोन गोष्टी बघाव्यात.

पहिली, मे १९९४. लेटरमनने एक आठवडा शो लॉस एंजेलिसला नेला होता. टॉप टेनची लिस्ट जॉनी कार्सन आणून देणार अशी घोषणा केली आणि आला भलताच, त्यांचा नेहमीचा तो जाड चष्मेवाला म्हातारा. लोक हसले. मग डेव्ह म्हणाला ही लिस्ट बरोबर नाही, आणि पडद्यामागून खराखुरा कार्सन चालत आला. निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली, कुठेही दिसत नव्हता. थिएटर उठून उभं राहिलं. डेव्हने आपली खुर्ची त्याला दिली. कार्सन टेबलामागे बसला, टाळ्या थांबेचनात, त्याने इकडेतिकडे बघितलं, आणि एक शब्दही न बोलता उठून निघून गेला. टीव्हीवर तो परत कधीच आला नाही.

दुसरी, २००५. २३ जानेवारीला कार्सन वारला. ३१ तारखेला डेव्ह आला, नेहमीसारखा मोनोलॉग केला, लोक नेहमीसारखे हसले. आणि मग टेबलाशी बसून सांगितलं की आजचे सगळेच्या सगळे विनोद जॉनीने लिहिलेले होते. म्हातारा निवृत्तीनंतर घरी बसून पेपर वाचायचा, विनोद सुचला की लिहून डेव्हला पाठवून द्यायचा, आणि हा ते अधूनमधून वापरायचा, कोणाला पत्ता नाही. मला हे आठवलं की आमच्या गावच्या भजनी मंडळातले बुवा आठवतात, गळा गेला तरी मागे बसून पखवाजवाल्याला खुणेने ठेका सांगायचे.

तर उरतं काय विचाराल तर हे, आपल्या आधीच्याचं ऋण कसं फेडावं.

क्वीन्सची_काकू
इतकं कौतुक चाललंय म्हणून जरा दुसरी बाजू. मुजीबुर आणि सिराजुल कोणाला आठवतात का? थिएटरच्या शेजारी सूव्हेनिरचं दुकान होतं, तिथे काम करणारे दोन बांगलादेशी. मुजीबुर रहमान आणि सिराजुल इस्लाम. १९९३ पासून लेटरमन कॅमेरा घेऊन त्यांच्याकडे जायचा, ९४ मध्ये तर त्यांना अख्खी अमेरिका फिरायला पाठवलं आणि त्यांच्याकडून वार्तांकन करवलं.

आम्ही तेव्हा जॅक्सन हाइट्सला राहायचो. यजमान एका केमिस्टच्या दुकानात कामाला. त्यांचं इंग्लिश उत्तम पण उच्चार आपले. ते मुजीबुर-सिराजुल प्रसिद्ध झाल्यावर गिऱ्हाइकं ह्यांना मुजीबुर म्हणायला लागली. रोज. हे हसून घ्यायचे, घरी येऊन मात्र गप्प. मला अजून तो कार्यक्रम बघवत नाही. लोक त्या दोघांच्या बोलण्याला हसत होते की बोलण्याच्या पद्धतीला? मला तरी दुसरंच वाटायचं.

अभंग_७७
काकू, तुमच्या यजमानांना जे सहन करावं लागलं ते वाईटच, त्यावर वाद नाही. पण मी तेव्हा कॉलेजात होतो आणि माझी आठवण वेगळी आहे. त्या काळी अमेरिकन टीव्हीवर आपल्यासारखा दिसणारा माणूस म्हणजे दुसऱ्याने लिहून दिलेली वाक्यं बोलणारा टॅक्सीवाला नाहीतर कार्टूनमधला दुकानदार, आणि त्या दुकानदाराचा आवाज तर गोऱ्या माणसाने काढलेला. हे दोघं स्वतःच्या नावाने यायचे, स्वतःच्या कपड्यात, स्वतःच्या दुकानात. त्यांना कोणी वाक्य लिहून दिल्यासारखं वाटायचं नाही. मला आठवतं सिराजुल फारसं बोलायचाच नाही, शांत उभा राहायचा, आणि लेटरमन त्या शांतपणालाच बिचकायचा. त्या खेळात मला ते दोघं हरलेले कधी दिसले नाहीत.

क्वीन्सची_काकू
अभंग, तू म्हणतोस तसंही असेल. तू कॉलेजात होतास, आम्ही काउंटरमागे होतो. जागा बदलली की कार्यक्रम बदलतो बाबा.

मध्यरात्रीचा_चहा
काकू, हे मी कधी या बाजूने बघितलंच नव्हतं. लिहिलंत ते फार बरं झालं. आम्ही रूममेट त्यांची नक्कल करायचो, आपलीच पोरं, आणि त्यात वावगं काही वाटायचं नाही. आज वाटतंय.

खडीसाखर
अवांतर: आपल्याकडे शेखर सुमनचं मूव्हर्स अँड शेकर्स म्हणजे ह्याच घराण्यातलं ना? सोनीवर, १९९७. टेबल, बँड, उभ्याने मोनोलॉग, राजकारण्यांच्या नकला. आमचे आजोबा वाजपेयींच्या नकलेला हसता हसता औषध घ्यायचं विसरायचे.

पेठी_माणूस
घराणं तेच, हो. पण आपल्याकडे ते टिकलं नाही त्याचं कारण माझ्या मते वेळ. अमेरिकेत मोठ्या शहरांत रात्री अकराच्या बातम्या संपल्या की ११:३५ ला हा माणूस. दिवसभराच्या बातम्या ऐकून झाल्यात, त्यावर कोणीतरी दोन बोटं चिमटा काढणार आणि मग दिवा बंद. सोमवार ते शुक्रवार. आपल्याकडे टॉक शो म्हणजे आठवड्यातून एकदा मोठा पाहुणा आणि कौतुकसोहळा. रोजच्या रोज आलं तरच तो माणूस घरातला होतो.

फणसाची_आठळी
दोन बोटं चिमटा :) माझी मराठीची बाई असती तर तुम्हाला बाकावर उभं केलं असतं.

डॉ_मिरजकर
इकडे सहसा वाचूनच जातो पण ह्या धाग्यावर लिहावंसं वाटलं. मी हृदयशस्त्रक्रियेच्या विभागात भूलतज्ज्ञ. जानेवारी २००० मध्ये लेटरमनची बायपास झाली, पाच ग्राफ्ट, म्हणजे रक्ताला पाच नवे मार्ग. वय बावन्न. त्याचे वडील सत्तावन्नाव्या वर्षी हृदयविकारानेच गेलेले, म्हणजे तो आयुष्यभर त्या आकड्याकडे बघतच जगत असणार.

पाचेक आठवड्यांत, २१ फेब्रुवारीला तो परत आला. आणि पहिल्या दिवशी त्याने काय केलं, तर ऑपरेशन करणारी आणि नंतर सांभाळणारी सगळी मंडळी स्टेजवर बोलावली. सर्जन, कार्डिओलॉजिस्ट, आणि नर्सेस. एकेकाचं नाव घेतलं. ह्या लोकांनी माझा जीव वाचवला म्हणाला आणि डोळे भरून आले.

मी सत्तावीस वर्षं ह्या कामात आहे. पेढे येतात ते सर्जनच्या केबिनमध्ये, आणि ते योग्यच. पण रात्री तीन वाजता ड्रेनच्या बाटलीत रक्त किती जमा झालं ते दर तासाला लिहिणारी सिस्टर, रुग्ण खोकताना त्याच्या छातीशी उशी दाबून धरणारी सिस्टर, तिचं नाव डिस्चार्जच्या दिवशी कोणालाही आठवत नाही. मी ती क्लिप आमच्या आयसीयूतल्या मुलींना दाखवली होती. एकजण म्हणाली, सर, तिकडेपण युनिफॉर्म असाच चुरगळतो वाटतं. आणि सगळ्या हसल्या.

मृत्यूबद्दलची अजून एक. ३० ऑक्टोबर २००२. वॉरन झिव्हॉन नावाचा गायक, त्याला फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, बरा न होणारा. लेटरमनने पूर्ण तास त्या एकाच पाहुण्याला दिला. दुसरा कोणी नाही. विचारलं की आयुष्य आणि मरण ह्याबद्दल आता तुला आमच्यापेक्षा काही जास्त कळलंय का. झिव्हॉन म्हणाला की प्रत्येक सँडविच किती चवीने खायचं असतं तेवढं कळलंय. आम्हाला पेशंटशी मरणाबद्दल कसं बोलायचं हे कोणी शिकवलं नाही. मी ते बऱ्याच अंशी ह्या एका मुलाखतीतून शिकलो. हा माणूस त्याला खोटा धीर देत नाही आणि कीवही करत नाही. विचारतो आणि मग गप्प बसून ऐकतो.

अभंग_७७
डॉक्टर, दंडवत. झिव्हॉनची पुढची गोष्ट अशी की शो संपल्यावर डेव्ह त्याला भेटायला खोलीत गेला तर तो गिटार पेटीत ठेवत होता, आणि ती गिटारच त्याने डेव्हच्या हातात दिली, सांभाळ म्हणून. पुढच्या सप्टेंबरात तो गेला.

मीनल_पी
मी मुद्दाम शेवटपर्यंत थांबले, कोणी तो विषय काढतंय का बघत होते. नाही काढला म्हणून मीच काढते.

ऑक्टोबर २००९. कोणीतरी लेटरमनला ब्लॅकमेल करत होता, वीस लाख डॉलर मागत होता. लेटरमनने स्वतः शोमध्ये सांगून टाकलं की हो, माझ्याकडे काम करणाऱ्या स्त्रियांशी माझे संबंध होते. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. किती प्रामाणिक म्हणे. मला तेव्हाही त्या टाळ्या आवडल्या नव्हत्या. तो मालक होता. पगार त्याच्या कंपनीचा. अशा ठिकाणी ज्या बाईशी संबंध आहेत तिला बढती मिळाली तरी बाकीच्या बोलणार, नाही मिळाली तरी बोलणार, आणि जिच्याशी नाहीत ती विचार करत बसणार की माझं काम कोणी बघतंय का. मी स्वतः अशा ऑफिसात चार वर्षं काढली आहेत, नाव घेत नाही. तिथे कोणी माझ्या वाटेला गेलं नाही, पण रोज मीटिंगमध्ये कोण कुठे बसलंय ते बघून दिवस कसा जाणार ते कळायचं.

नेल स्कोव्हेल ही लेखिका १९९० च्या सुमारास त्याच्या शोमध्ये काही महिने होती आणि सोडून गेली. २००९ मध्ये तिने उघड लिहिलं की का सोडलं आणि तिथे लिहिणाऱ्या बायका इतक्या कमी का. मार्कोने ज्या शोची चव ठरवली असं पेठी म्हणतात, त्याच शोच्या लेखकांच्या खोलीत पुढे बायका शोधाव्या लागत होत्या. वारसा मोजायचा तर हेही तागडीत टाका.

पेठी_माणूस
मीनलताई, मान्य. मी मार्कोचं नाव घेऊन बरं वाटून घेतलं आणि पुढचं बोललो नाही.

फक्त भर घालतो. स्कोव्हेल दहा वर्षांनी, २०१९ मध्ये त्याला समोरासमोर भेटली, त्याने माफी मागितली, आणि तिने त्याबद्दलही लिहिलं. म्हणून हिशेब चुकता होतो असं मी म्हणत नाही.

मीनल_पी
हो, ते वाचलंय. आणि चुकता होत नाही हे तुम्हीच म्हणालात म्हणून धन्यवाद.

सोलापुरी_चादर
मी एकटीच दिसते इथे जी प्रत्यक्ष शो बघून आलेय :) २००६, आई सोलापूरहून आली होती. तेव्हा तिकिटाला पैसे नसायचे, पण आधी नाव द्यायचं, मग त्यांच्याकडून फोन यायचा आणि शोबद्दल एक प्रश्न विचारायचे, उत्तर आलं तर तिकीट. मला विचारलं की कोपऱ्यावरच्या डेलीच्या मालकाचं नाव काय. रुपर्ट जी! ओरडलेच मी फोनवर.

ब्रॉडवेवर ५३ आणि ५४ व्या रस्त्याच्या मध्ये एड सुलिव्हन थिएटर, १९२७ चं, बीटल्स १९६४ ला इथेच वाजवून गेले. आत गेलो तर गारठा! लेटरमनला थिएटर थंडगार लागायचं, लोक पेंगू नयेत आणि हसावेत म्हणून म्हणे. बाहेर घाम आणि आत डिसेंबर. आईने पिशवीतून शाल काढली, ती कुठेही जाताना शाल घेतेच, आणि शेजारच्या टेक्सासच्या बाईलाही अर्धी पांघरली. दोघी तासभर एका शालीत.

रेकॉर्डिंग संध्याकाळीच व्हायचं. सुरू व्हायच्या आधी तो एकटाच बाहेर यायचा, कॅमेरे बंद, लोकांशी दोन मिनिटं बोलायचा, एखादा प्रश्न घ्यायचा. टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा बारीक आणि खूप अस्वस्थ. हात सारखे कोटाच्या बटणाशी. मग जाहिरातींच्या वेळी आपल्याला वाटतं तो पाहुण्याशी गप्पा मारत असेल. छे. शोचा, पॉल शॅफरचा बँड इतका जोरात वाजायचा की बोलणं शक्यच नाही, आणि हा खाली मान घालून कागद बघत बसलेला, पाहुणा छताकडे बघतोय. लाल दिवा लागला की दोघं एकदम हसून जगातले सगळ्यात जवळचे मित्र.

आईला इंग्लिश विनोद अर्धेच कळले. बाहेर आल्यावर म्हणाली, त्या माणसाला परीक्षेला बसल्यासारखं वाटतंय गं रोज. इतकी वर्षं झाली तरी. मी आजवर त्याच्याबद्दल वाचलेल्या लेखांत ह्यापेक्षा खरं वाक्य सापडलं नाही.

फणसाची_आठळी
त्या टेक्सासच्या बाईकडे अजून शाल आहे का?

सोलापुरी_चादर
हो! आईने देऊन टाकली. नवीच होती. मी अजून हळहळते.

न्यूजर्सीकर
चादरताई, आईंचं वाक्य अगदी बरोबर आणि त्याचं मूळ १९९२ मध्ये आहे. कार्सनची गादी आपल्याला मिळणार असं त्याला वाटत होतं, एनबीसीने ती जे लेनो ह्या दुसऱ्या विनोदवीराला दिली. हा सीबीएसला गेला, वर्षाला एक कोटी चाळीस लाख डॉलर पगारावर. सुरुवातीची जवळजवळ दोन वर्षं प्रेक्षकसंख्येत हा पुढे होता. मग जुलै १९९५ मध्ये सिनेनट ह्यू ग्रँट भानगड करून लेनोच्या सोफ्यावर बसला आणि पारडं फिरलं ते फिरलंच. पुढची वीस वर्षं हा बहुतेक वेळ दुसऱ्या नंबरावर. तरी आज नंतरच्या पिढीतल्या कोणालाही विचारा तुम्ही कोणाला बघून ह्या धंद्यात आलात, नाव लेटरमनचं निघतं. आकड्यांनी हरलेला माणूस गुरू झाला.

खडीसाखर
म्हातारपणी तो आपल्याकडे येऊनही गेला ना? शाहरुखच्या घरी, मन्नतवर, २०१९ चा नेटफ्लिक्सचा एपिसोड. ईदला खाली जमलेली गर्दी बघून त्या पांढऱ्या दाढीतून त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. ऐश्वर्याला आईबाबांवरून चिडवणारा हाच का असं वाटलं. इथे नुसता बघत होता, विचारत होता, टोमणा कुठेच नाही.

मीनल_पी
चहा, तुमच्या मूळ प्रश्नावर येते, कारण मी तक्रार करून निघून गेले असं व्हायला नको. मला विचाराल तर १७ सप्टेंबरपेक्षा मोठी रात्र दुसरी आहे. संकटात सगळेच गहिवरतात. आपली चूक असताना काय करता ते बघावं.

बिल हिक्स नावाचा कॉमेडियन. १ ऑक्टोबर १९९३ ला त्याने लेट शोमध्ये कार्यक्रम केला, रेकॉर्ड झाला, आणि प्रसारणाच्या आधी अख्खा कापला. जड विषय होते, धर्म, गर्भपात. हिक्सला तेव्हा स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, त्याने फार कोणाला सांगितलेलं नव्हतं. पाच महिन्यांच्या आत वारला, बत्तीसाव्या वर्षी. ती सात-आठ मिनिटं लोकांना दिसलीच नाहीत.

३० जानेवारी २००९. म्हणजे पंधरा वर्षांनी. लेटरमनने हिक्सच्या आईला बोलावलं, मेरी हिक्स. पाहुणी म्हणून, सिनेतारकांच्या त्याच खुर्चीत. तिच्यासमोर म्हणाला की तो निर्णय माझा होता, चूक माझी होती, आणि तुम्हाला जो त्रास झाला त्याबद्दल माफ करा. तिने गोडीत पण सोडलं नाही. तो काळ फार कठीण गेला, हे तिने तोंडावर सांगितलं. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. मग ती कापलेली टेप पूर्ण दाखवली. आणि टेप संपल्यावर म्हणाला की आज बघताना ह्यात कापण्यासारखं काय होतं तेच कळत नाही, ह्यातून बिलबद्दल काही कळत नाही, मी कसा होतो ते कळतं.

कोणीही मागितली नव्हती ही माफी. पंधरा वर्षं झाल्यावर विषय मेलेला होता, त्याने तो स्वतः उकरून काढला. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते दुसरं प्रकरण बाहेर आलं. मला हा माणूस एका पारड्यात बसवता येत नाही आणि आता मी तो प्रयत्नही सोडलाय.

डॉ_मिरजकर
मीनलताई, हे माहीत नव्हतं. आत्ता बघितलं. त्या माउलीचे हात बघा, पूर्ण वेळ मांडीवर घट्ट.

अभंग_७७
शेवटचा शो झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सेट तोडून ५३ व्या रस्त्यावर कचऱ्याच्या मोठ्या पेट्यांत टाकला होता. लोक चढून चढून तुकडे घेऊन गेले, पुठ्ठ्याचे पूल, पडद्यामागची चित्रं. माझा एक मित्र तिथे होता. त्याच्याकडे हाताएवढा एक निळा तुकडा आहे, कशाचा ते त्यालाही माहीत नाही. फ्रीजवर ठेवलाय.

मध्यरात्रीचा_चहा
धागा काढला तेव्हा वाटलं नव्हतं इतकं येईल. मीनलताई, तुमचं ऐकून काल रात्री हिक्सचा तो भाग लावला. मुलगी शेजारी येऊन बसली, अकरावीत आहे, तिला लेटरमन वगैरे काही माहीत नाही. मी थोडक्यात सांगितलं. ती आई खुर्चीत येऊन बसली तेव्हा तिने मोबाईल खाली ठेवला. माफी मागून झाली, टेप दाखवून झाली, आणि मग ती म्हणाली, बाबा, पण ह्यांनी फोन करून पण मागितली असती ना माफी? मी म्हटलं मागितली असती. मग म्हणाली, पण कापलं होतं सगळ्यांच्या समोर. म्हणजे सगळ्यांच्या समोरच मागायला पाहिजे.

आणि क्वीन्सच्या काकू, तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा. आम्ही चौघांनी त्या नकला केल्या होत्या ते त्यांना सांगितलंत तरी चालेल.

क्वीन्सची_काकू
सांगितलं. हसले. म्हणाले, त्या मुलाला विचार, मुजीबुर बरा जमायचा की सिराजुल.